खिडकी उघडली म्हणजे फोडणीला नाक मुरडलं असं नाही

जर्मनीत नव्याने राहायला आलेल्या आपल्या माणसांच्या घरी पहिल्या हिवाळ्यात एक प्रसंग हमखास घडतो. घरमालक किंवा वरच्या मजल्यावरच्या आजी कशाच्या तरी निमित्ताने येतात आणि बोलता बोलता सरळ जाऊन खिडकी सताड उघडतात. बाहेर दोन अंश तापमान, आत आमटीला नुकतीच फोडणी पडलेली. घरातल्यांचे चेहरे उतरतात. ‘यांना आपल्या जेवणाचा वास सहन होत नाही’ हा निकाल तिथल्या तिथे लागतो, रात्री फोनवरून घरी पोचतो, आणि पुढे कित्येक महिने त्या आजींशी जिन्यात धड बोलणंही होत नाही.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्या खिडकीचा संबंध वासाशी नसतो, भिंतीशी असतो. इथे या कामाला ‘ल्युफ्टन’ म्हणतात, म्हणजे घराला हवा देणं. अनेक भाडेकरारांत ते लिहिलेलं असतं आणि जर्मन माणूस ते स्वतःच्या घरातही रोज करतो, मग स्वयंपाक झालेला असो वा नसो.

आपल्याला हे पटत नाही, त्याला कारण आहे. ओल म्हणजे काय हे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. जुलैत खिडकी उघडी राहिली की पापड मऊ पडतात, म्हणून आपण ती लावून घेतो, आणि तिथे तेच बरोबर आहे. २८ अंशांच्या पावसाळी हवेत घनमीटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. पण शून्य अंशाची हवा कितीही धुकट दिसली तरी तिच्यात जेमतेम पाच ग्रॅम मावतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली येते. म्हणून इथे बाहेर भुरभुर पाऊस असतानाही खिडकी उघडली तर घर कोरडं होतं.

आणि घरात पाणी तयार होतं ते थोडंथोडकं नाही. श्वास, अंघोळ, कुकर, इडलीचा वाफारा, वाळत घातलेले कपडे असं सगळं धरून चार माणसांच्या घरात दिवसाला सहा ते बारा लिटर पाणी हवेत जातं. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ते निघून जायचं. आताच्या रबरी पट्ट्यांच्या खिडक्या घट्ट बसतात, त्यामुळे ओल घरातली सगळ्यात थंड जागा शोधते: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, खिडकीची चौकट. बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना भिंतीचा एखादा भाग साडेबारा अंशांच्या खाली राहिला की तिथली हवा ८० टक्क्यांवर जाते आणि काळे ठिपके धरायला तेवढं पुरतं.

वासाचा प्रश्न नाही याची एक खूण स्वयंपाकघरातच आहे. भाड्याच्या अनेक घरांतल्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नसतो. ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडते. वास बराचसा जातो, वाफ मात्र घरातच राहते. ‘चिमणी चालू होती, तरी बोलले’ ही तक्रार खरी असते, पण ते वाफेबद्दल बोललेले असतात.

खरी दुखापत पुढच्या पायरीवर होते. सांगितलं म्हणून आपली माणसं मनापासून खिडकी उघडतात, पण वरून तिरकी करून दिवसभर तशीच ठेवतात. याला इथे ‘किप’ म्हणतात, आणि हिवाळ्यात ते सगळ्यात वाईट. हवा फारशी बदलत नाही, चौकटीभोवतीची भिंत मात्र तासन् तास थंड होत राहते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. मग मालक म्हणतो, ‘तुम्ही ल्युफ्टन करत नाही.’ आपण तर दिवसभर कुडकुडत बसलेलो असतो. तो आपल्याला निष्काळजी ठरवतो, आपण त्याला वर्णद्वेष्टा.

करायचं ते असं. आधी रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारा हीटर, बंद करा, नाहीतर थंड हवा लागून त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. मग समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं, एरवी दहा, दिवसातून तीनदा. अंघोळ किंवा कुकर झाल्यावर त्या खोलीचं दार लावून तिथली खिडकी लगेच उघडा. रेडिएटर ३ वर ठेवला की साधारण २० अंश मिळतात. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त तापते. काटकसर म्हणून निजायची खोली गार ठेवून तिचं दार उघडं टाकू नका, बैठकीतली दमट हवा तिथल्या भिंतीवर जाऊन बसते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटीमीटर पुढे ओढा. दहा-बारा युरोंचा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ६० मध्ये हवा.

आणि हे सगळं करूनही कोपरा काळा पडत असेल तर दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसू नका. जुन्या इमारतींच्या भिंतीच थंड असतात. मात्र कार्ल्सरुहच्या संघीय न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला म्हटलं आहे की इमारत तिच्या बांधकामाच्या वेळच्या नियमांत बसत असेल तर तेवढ्यावरून घर सदोष ठरत नाही. त्यामुळे फोटो, तारखा आणि आर्द्रतेचे आकडे लिहून ठेवा, मालकाला लेखी कळवा, गरज पडली तर भाडेकरू संघाचा सल्ला घ्या. भिंतीच्या तळाशी डाग आणि क्षार दिसत असतील तर पाणी जमिनीतून किंवा पाइपमधून येत असण्याची शक्यता जास्त. ते खिडक्या उघडून थांबत नाही आणि त्यासाठी स्वयंपाकाला बोल लावून घ्यायचं कारणच नाही.

वासावरून खरोखर टोचून बोलणारेही भेटतात, ते मी नाकारत नाही. आपल्या फोडणीबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. रोजच्या स्वयंपाकाचा वास इथेही राहत्या घराचा भाग मानला जातो. फक्त बोलणाऱ्याचा शब्द नीट ऐका. ‘गेरुख’ म्हणजे वास. ‘फॉइश्ट’ म्हणजे दमट, ‘शिमेल’ म्हणजे बुरशी. आजींच्या तोंडून ‘फॉइश्ट’ ऐकू आलं, तर खिडकी त्यांनाच उघडू द्या आणि तोवर तुम्ही रेडिएटर बंद करा.