भागाकार न करता मूळ संख्या

शनिवार, रात्री

आज ऊन नुसतं मी म्हणत होतं. नागपुरात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोयच नाही, म्हणून भाचीला घेऊन कूलरसमोर बसले आणि मूळ संख्या शोधणारी इरॅटोस्थेनिसची चाळणी लिहायला घेतली.

तिचा आधीचा प्रोग्राम प्रत्येक संख्येला २, ३, ४ ने भागत सुटायचा. उत्तर बरोबर यायचं, पण एकेकीची चौकशी करण्यात फार वेळ जायचा. चाळणीत कुणाचीच चौकशी नाही. दहा लाखांपर्यंतचा अ‍ॅरे, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची रांग, घ्यायचा, सगळ्या घरांत 'खरं' भरायचं, ० आणि १ आधीच बाद. घराचा क्रमांक हीच संख्या, ती वेगळी साठवायला नको. मग २ ला तसंच ठेवून तिच्या पुढच्या पाढ्यावर 'खोटं' लिहीत जायचं, मग ३ च्या. ४ आधीच खोडलेला, त्याला सोडून पुढे ५. भागाकार एकदाही नाही, नुसती बेरीज! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या ग्रीक विद्वानाच्या नावावर असलेली ही युक्ती आजही तशीच्या तशी चालते, याचं मला फार अप्रूप आहे.

"मावशी, ७ चं खोडणं १४ पासून का नाही सुरू करायचं?"

कागदावर १ ते १०० मांडले. १४, २८ हे २ ने नेलेले, २१ ३ ने, ३५ ५ ने. ७ च्या वाट्याला नवीन आल्या फक्त ४९, ७७ आणि ९१. म्हणून सुरुवात थेट वर्गापासून. (९१ कितीही मूळ वाटली तरी ती ७ × १३.) ११ चा वर्ग १२१, म्हणजे शंभराच्या बाहेर, काम ७ वरच संपलं आणि २५ मूळ संख्या उरल्या.

दहा लाखांसाठीही बाहेरचा लूप, म्हणजे एकेक पाढा निवडणारं आवर्तन, १००० ला थांबतो, कारण १००० चा वर्ग दहा लाख. तिथवरच्या १६८ मूळ संख्या सगळं खोडून टाकतात. उरलेल्या मूळ संख्यांचा आकडा स्क्रीनवर आला ७८,४९८. भाचीने लगेच जीपीओचा पिन शोधला, ४४०००१. बाद! अंकांची बेरीज ९, त्यामुळे ३ च्या पाढ्यातच गेला होता. मग ४४००११ पाहिला, तो ११ ने नेला.

उद्या सम संख्यांना अ‍ॅरेत जागाच द्यायची नाही. २ तेवढी वेगळी छापायची, अर्धी मेमरी वाचेल. इंडेक्सचं, म्हणजे घराच्या क्रमांकाचं, गणित मात्र बदलावं लागेल, ते तिलाच मांडू देणार आहे.