टॅफ्ट यांच्या विमानाची चाके

अमेरिकेतल्या एका ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांच्या कात्रणांची नोंद करणे हे माझे काम आहे. परवा हाती आलेल्या एका कात्रणात अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट दुमजली पंखांच्या विमानात बसलेले दिसत होते. झुपकेदार मिशा, अवाढव्य देह आणि त्या भाराने वाकलेला खालचा पंख. जमिनीवर ‘शिकागो’ असे लिहिलेला झेंडा रोवलेला होता. चित्राखालची ओळ कातरून गेलेली, मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटलेली आणि कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने 1908 लिहून ठेवलेले.

या सालाला सकृद्दर्शनी हरकत घेण्यासारखे काही नव्हते. टॅफ्ट 1908 मध्येही रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि 1912 मध्येही. शिवाय दोन्ही वेळा उमेदवार ठरवणारे पक्षाचे अधिवेशन जून महिन्यात शिकागोच्या कोलिझियममध्येच भरले होते. माणसावरून किंवा गावावरून निवाडा होईना, तेव्हा भिंग घेऊन मी विमानाकडे वळले.

त्याला चाके होती, आणि विमान वर-खाली नेणारे आडवे पाते शेपटाला होते. ऑर्व्हिल राइट यांनी सप्टेंबर 1908 मध्ये फोर्ट मायर येथे उडवलेले विमान रुळावरून सुटत असे आणि लाकडी घसरपट्ट्यांवर उतरत असे, आणि त्याचे हे पाते पंखांच्या पुढे होते. राइट बंधूंच्या विमानाला चाके आली आणि पाते मागे गेले ते 1910 मध्ये.

आमच्या विभागप्रमुखांनी काढलेली शंका रास्त होती: ग्लेन कर्टिस या दुसऱ्या अमेरिकी विमानकाराच्या ‘जून बग’ विमानाला 4 जुलै 1908 च्या उड्डाणातही चाके होतीच की! पण त्या विमानाला प्रॉपेलर एकच होता. या चित्रात पंखांमागे दोन होते, आणि ते फिरवणाऱ्या साखळ्यांपैकी एकीला चित्रकाराने पीळ दिला होता. प्रॉपेलर परस्परविरुद्ध दिशांना फिरावेत म्हणून राइट बंधू एक साखळी अशीच तिढा देऊन बसवत. नखाएवढ्या जागेत हा तिढा काढणाऱ्या हाताबद्दल मला फार आदर वाटला.

तेव्हा विमान राइट बंधूंचे, 1910 नंतरचे, आणि चित्र 1908 चे नव्हे तर 1912 चे असावे. हा फरक केवळ चार वर्षांचा नाही. 1908 चे टॅफ्ट म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः पुढे केलेला वारस. 1912 मध्ये त्याच रूझवेल्ट यांनी त्यांच्याविरुद्ध दंड थोपटले, शिकागोत उमेदवारी हुकल्यावर वेगळी चूल मांडली, आणि नोव्हेंबरात टॅफ्ट यांच्या पदरात 531 पैकी जेमतेम 8 इलेक्टोरल मते (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मते) पडली. त्यात रूझवेल्ट 11 ऑक्टोबर 1910 रोजी सेंट लुइसजवळ राइट कंपनीच्या विमानातून उडूनही आले होते, त्यामुळे टॅफ्ट यांना वैमानिकाच्या जागी बसवण्यात चित्रकाराचा डाव केवळ देहयष्टीच्या थट्टेपुरता नसावा, असे माझे मत आहे.

नोंदीत मी ‘1912?’ असे साल घातले आणि पेन्सिलीतला आकडा शेरा म्हणून जपला. प्रश्नचिन्ह काढायला विभागप्रमुख तयार झाल्या नाहीत, आणि ते योग्यच होते. मूळ अंक शोधण्यासाठी जून 1912 च्या मायक्रोफिल्मची मागणी आम्ही त्याच दिवशी नोंदवली.