एका आडनावाचे कागद

आज रजा टाकून काळा घोड्याला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. १८२१ साली सुरू झालेलं हे दप्तर. मनात एकच होतं, आपल्या देशपांड्यांचं काही सापडतंय का.

सापडले, ढिगानं! पण आपले कोणते? देशपांडे हे आधी काम, मग आडनाव. देशमुखाकडे परगण्याची वसुली, देशपांड्याकडे हिशेब. परगणा तिथं देशपांडे, मग सगळे एकमेकांचे कुठून असणार? नाना फडणीसांचंच बघा ना. मूळ आडनाव भानू, फडणीस हे पद, आणि कागदावर नाव ‘बाळाजी जनार्दन’. नुसतं आडनाव धरून शोधणाऱ्याला ते भेटायचेच नाहीत.

एक मोडी कागद मात्र समोरून हलवेना. आधी ओळभर रेघ ओढलेली, मग तिला अक्षरं लटकवलेली. शब्द कुठं संपतो कळत नाही, लिहिणाऱ्यानं हात उचललाच नाही जणू. कडेला कसरीनं खाल्लेली बारीक भोकं. एका भोकात नेमकं गावाचं नाव गेलेलं. पाऊण तास त्या एका ओळीवर बसले. ‘देशपांडे’ लागलं तेव्हा खरंच डोळे भरून आले. ते आपले असोत, नसोत.

परगणा कळल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चर्चगेटहून आत्याला फोन लावला. म्हणाली, “थांब, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावते.”