विटाव्याच्या पुलाखालून रबाळ्यापर्यंत

रबाळ्यातल्या आमच्या गाड्यांच्या वर्कशॉपची सुरुवात सांगायची तर जुलै २०१९ मधल्या एका सकाळपासून सांगावी लागते. मी तेव्हा कळव्याला राहत होतो आणि महापेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. ते नेहमीच साचतं. पुढची रिक्षा गेली, टेम्पो गेला, म्हणून मीही पहिल्या गियरमध्ये गाडी घातली. पुलाखाली मधोमध इंजिनाने एकच ठोका दिला आणि ते बंद पडलं. मी पुन्हा किल्ली फिरवली. त्या दुसऱ्या किल्लीने माझी नोकरी सोडवली असं म्हणायला हरकत नाही.

गाडी होती अबार्थ पुंटो. फियाटने ती ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्याकडे आणली. दिसायला चारचौघांसारखी हॅचबॅक, पण आत १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे रस्ता हाताला कळायचा. शून्यावरून शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा आकडा. पुण्याजवळ रांजणगावला बनायची. बीएस-६ ची, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची, वेळ येईपर्यंत फियाटने आपला इथला पसाराच आवरता घेतला आणि या गाड्या पोरक्या झाल्या.

मी ती सप्टेंबर २०१८ मध्ये नेरुळच्या एका गृहस्थांकडून घेतली. दोन वर्षं वापरलेली, ३१ हजार किलोमीटर चाललेली. बाबांनी वीस वर्षं काळी-पिवळी चालवली, तीही पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनणारी ती गाडी मुळात फियाटच. त्यामुळे घरी विरोध झाला नाही. बाबांनी बॉनेट उघडून दहा मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, "यात कार्ब्युरेटर नाही, मग बिघडलं तर तू काय बघणार?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर नसताना मी बदल मात्र केले. पहिल्या चार महिन्यांत कंपनीची फिल्टरची पेटी काढून बंपरच्या आत, बरीच खाली, उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवला. थंड हवा, जास्त ताकद, शिवाय टर्बोची शिट्टी छान ऐकू येते, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. तिन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्याही होत्या. पण त्या फिल्टरने विटाव्याला हवेऐवजी पाणी ओढलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी करायचं एकच असतं: किल्ली सोडून द्यायची, गाडी ढकलून बाहेर काढायची, स्पार्क प्लग खोलायचे आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं. मी याच्या नेमकं उलट केलं होतं.

विमा कंपनीने दावा नाकारला. बदल कळवलेले नव्हते आणि इंजिनाच्या संरक्षणाचं वेगळं कलमही मी घेतलं नव्हतं. त्यांची दोन्ही कारणं कागदावर होती. राग आला तरी मुद्दा माझ्या बाजूचा नव्हता.

वागळे इस्टेटच्या आतल्या एका गल्लीत एक वस्ताद होते. इंजिन खोलणं हेच त्यांचं काम, बाकी कशाला हात लावायचे नाहीत. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावर त्यांनी चारही पिस्टन आळीपाळीने वर आणून डायल गेज, म्हणजे बारीक मोजमापाचा काटा, लावला. तीन सारखे, दुसऱ्या सिलिंडरचा १.२ मिलिमीटर खाली. "हा वाकला. डोळ्याला दिसत नाही, गेजला दिसतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "दुसऱ्यांदा किल्ली का फिरवलीस रे?"

मी त्यांना विचारलं, रविवारी मी बसू का हाताखाली? ते हो म्हणाले. रॉडसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड तीन शनिवार पालथा घातला, शेवटी पुण्याच्या एका फियाटवेड्याकडे चारही रॉडचा सेट मिळाला. ते चारही वजनाला एकसारखे लागतात, हे मला तेव्हा कळलं. हेडचे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला आवळायचे आणि मग ठरलेल्या अंशांत पुढे फिरवायचे, हे कळलं. या इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्टच पाण्याचा पंप फिरवतो, म्हणून बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकत्रच बदलायचे, हेही तिथेच शिकलो. गाडी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली ती कंपनीच्या मूळ फिल्टरपेटीसह.

त्यानंतर एकेक करून माणसं येऊ लागली. ठाण्यात, डोंबिवलीत, खारघरला या टर्बो फियाट होत्या आणि मालकांना त्या खोलणारं कोणी हवं होतं. मी रात्री आणि रविवारी कामं करत होतो. २०२० चा उन्हाळा घरात गेला, वाचण्यात आणि वायरिंगचे नकाशे समजून घेण्यात. जानेवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. बायकोने हिशेब मांडून सांगितलं होतं की नऊ महिने पगाराशिवाय निघतील, दहावा नाही. सातव्या महिन्यात रबाळे एमआयडीसीत ११०० चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला. वस्ताद आठवड्यातून दोन दिवस येतात, अजूनही.

आज आमच्याकडे फियाटपेक्षा इतर गाड्या जास्त येतात: पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन. बहुतेक सेकंडहँड, बहुतेक रोज ऑफिसला जाणाऱ्या. घेण्याआधी दाखवायला आणल्या तर आम्हाला फार आनंद होतो, कारण तेव्हा नाही म्हणता येतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावतो, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड हलवून बघतो, टर्बोच्या पाइपांवर तेलाचे डाग शोधतो. आणि टायर वाचतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. मालक म्हणतो चारही टायर गेल्या वर्षी टाकले, आणि आकडे सात वर्षं जुने निघतात. तिथे बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

गिऱ्हाइकांशी आमचा सर्वांत जास्त वाद क्रमावरून होतो. प्रत्येकाला आधी पिकअप हवा असतो. आम्ही आधी टायर, ब्रेक आणि थंड ठेवणं बघतो. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलं झालं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांत ते बदलावंच. माळशेज उतरताना पेडल मऊ पडलं की मग १४५ पीएसचं काही सुचत नाही. टायर रुंद हवे असतील तर हिशेब करून देतो. माझ्या गाडीचं मूळ माप १९५/५५ आर १६: रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंचांची. त्याऐवजी २०५/५५ घातला तर चाकाचा व्यास साधारण पावणेदोन टक्के वाढतो, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ १०२ वर असते. चालवताना जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं.

पोलोच्या सात गियरच्या डीएसजीवाल्यांना, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सवाल्यांना, तर मी चालवणंच शिकवतो. त्यात कोरडे क्लच असतात. ठाणे-बेलापूर रोडच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकवत राहिलं की ते क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. पुढे दोन गाड्यांची जागा सुटू द्या, मग एकदाच सरका. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. कोपरखैरण्याच्या एका मुलीने हे ऐकलं, आणि ज्या धक्क्यांसाठी ती गियरबॉक्स उतरवायला आली होती ते बरेच कमी झाले. त्या दिवशी आम्ही तिच्याकडून फक्त स्कॅनिंगचे पैसे घेतले.

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवणं, आम्ही करतो, पण शेवटी, आणि थोडा. टॉर्क वाढला की जुनी क्लच प्लेट घसरायला लागते, हा खर्च आधी तोंडावर सांगतो. सायलेन्सर फोडून आवाज काढून देणं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, ही दोन कामं आम्ही करत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५ हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद केली. पण कायदा नसता तरी मी नकारच दिला असता. नवी मुंबईच्या पाम बीच रोडला लागून लोक राहतात, म्हातारी माणसं आहेत, रात्री दोन वाजता त्यांनी का उठायचं? या नकारामुळे महिन्याला चार-पाच कामं जातात. २०२२ मध्ये भाडं थकलं तेव्हा मोह झाला होता. बायकोने तेव्हा गळ्यातली चेन गहाण ठेवली, आणि मी ती दिवाळीला सोडवून आणली.

अबार्थ अजून माझ्याकडे आहे. १ लाख १८ हजार किलोमीटर झाले. रोज तीच घेऊन कळव्याहून रबाळ्याला येतो, मुलाला शाळेत सोडून. टायमिंग बेल्ट दोनदा बदलला. पुढचे शॉकअप गेल्या वर्षी टाकले, मूळ उंचीचेच, कारण जमिनीपासूनच्या १५५ मिलिमीटर क्लिअरन्समधून आणखी कमी करण्यासारखं आपल्या स्पीडब्रेकरांनी काही ठेवलेलं नाही. पाऊस जोरात असला की ऐरोलीची मुलं फोन करून विटाव्याचं पाणी सांगतात आणि मी लांबचा रस्ता धरतो, मुलुंड-ऐरोली पुलावरून. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे छोट्या गाड्यांना टोलही नाही.

सध्या आम्ही पाच जण आहोत. दिवाळीनंतर दुसरी लिफ्ट बसवायची आहे. जागा मोजून झाली, पाया किती खोदायचा तेही ठरलं. छताची उंची चार इंच कमी पडते, म्हणून पत्रे वर उचलून घेण्याबद्दल गाळ्याच्या मालकांशी बोलणं चालू आहे.