बाळंतिणीचं मालिश: सव्वा महिन्याचं काम मी कसं करते

घरोघरी जाऊन बाळंतिणीचं आणि बाळाचं मालिश करणं हा माझा व्यवसाय. पहिल्या दिवशी मी तेलाला हात लावत नाही, वही उघडते. डिलिव्हरी नॉर्मल की सिझर, बीपी वाढलं होतं का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, अंगावरून किती जातंय. उत्तरं द्यायला सासूबाई किंवा आई पुढे येतात, मायेनंच येतात. पण टाका कुठे ओढतोय हे तिचं तिलाच ठाऊक, म्हणून विचारायचं तिलाच.

नॉर्मल असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू करते. सिझर असेल तर टाके दाखवून झाल्यावर, आणि तेही फक्त हात, पाय, मान, पाठ. पोटाला सहा आठवडे हात नाही. पोट आत जावं म्हणून जोर लावायचा आग्रह घरोघरी होतो. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपोआप मूळच्या आकाराला येतं, त्यासाठी कुणी दाबावं लागत नाही. पोट बांधायचं तर मऊ सुती कापड, आणि आत दोन बोटं सहज जायला हवीत.

रोज सुरुवातीला दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघते. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर, दाबलं की दुखते, असं दिसलं की मालिश बंद आणि लगेच दवाखाना. घरचे म्हणतात, "गोळा आलाय, मावशी, जरा जोरात चोळा." ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते. बाळंतपणानंतर तिचा धोका वाढलेला असतो आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, तासाभरात भिजणारं पॅड, डोकं फुटेल असं दुखून धूसर दिसणं, यांतलं काहीही असलं तरी त्या दिवशी तेल नाही, डॉक्टर.

तिळाचं तेल अर्धी वाटी पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करते, गॅसवर कधीच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघते. छाती दुधानं भरलेली असते, पालथं झोपवलं तर कळ येते. म्हणून कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. पायांवर हलका हात, घोट्याकडून मांडीकडे. खरी गरज असते ती खवाट्याच्या आतल्या कडेला. वाकून पाजल्यानं तिथे गाठी धरतात. मी अंगठ्यानं खुपसत नाही, तळहाताचा बुंधा टेकवून अंगाचा भार हळूहळू देते. त्यानं तिला बरं वाटतं आणि माझी मनगटंही टिकतात.

धुरीला मी नाही म्हणते. ओवा, बाळंतशोपांचा वास छान असतो, पण बाळाला धूर सोसत नाही आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला वासच नसतो. पाठ शेकायला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते. टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते, चटका कळत नाही, म्हणून तिथे शेक नाही.

बाळाचं मालिश पाजल्यावर पाऊण तासानं, खोबरेल तेलानं. मोहरीचं तेल नाजूक कातडीला त्रास देतं. वजन अडीच किलोच्या आत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. नाक ओढणं, डोकं दाबून गोल करणं, कानात आणि बेंबीत तेल, यातलं मी काही करत नाही. टाळूवर तेल नुसतं लावते. टाळू तेलानं भरत नाही, बहुतेक बाळांची दीड वर्षापर्यंत आपोआप भरते. बाळाची छाती कधीकधी फुगते, थेंबभर दूधही येतं. ते आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे असतं आणि काही आठवड्यांत जातं. ते पिळून काढायची जुनी रीत आहे. तिच्यानं आत जंतू जाऊन पू होतो, हे मी प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी सांगते.

नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसणं. मग आंघोळ, पाणी कोपर बुडवून बघायचं.

शेवटच्या आठवड्यात बाळ आईच्याच पायांवर देते. तेलाचं ओलं बाळ निसटतं, म्हणून डावा हात मानेखालून घालून बाळाचा पलीकडचा दंड काखेजवळ बोटांत धरायचा, आणि पाणी ओतायचं ते पायांपासून.