इराणी गेला, छत राहिलं

पुण्याच्या कॅम्पातल्या कोपऱ्यावरच्या इमारतीत आज मोबाइलचं दुकान असलं, तरी पूर्वी तिथे इराणी हॉटेल होतं का, याचा अंदाज बांधता येतो. पाटीवर जाऊ नका. काटकोन छाटून काढलेलं दार आणि दोन्ही रस्त्यांकडची उंच दारं बघा. कोपरा अशुभ म्हणून इराण्यांना स्वस्तात मिळाला, असं सांगतात. असेल बुवा, दोन्हीकडून उजेड, वारा आणि गिऱ्हाईक, हेही काही कमी कारण नाही.

फरशीत सरळ ओळीत बुजवलेली भोकं दिसली, तर ती पार्टिशनची असू शकतात. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर पिणाऱ्याला परवाना लागू लागला आणि पुढे काही इराण्यांनी चहाच्या जोडीला पार्टिशन टाकून परमिट रूमही काढली.

खरा ऐवज मात्र डोक्यावर असतो. फॉल्स सीलिंगचा एखादा तुकडा निघाला असेल तर डोकावून बघा. तीन-चार फुटांवर लोखंडी गर्डर, दोन गर्डरांमध्ये विटांची उथळ कमान, वर चुन्याचा कोबा. हा जॅक आर्च. कमान दोन्हीकडे रेटते. मधल्या गर्डरवर दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना तोलतात; शेवटच्या गर्डरला पलीकडून आधारच नसतो, म्हणून शेवटच्या खणात लोखंडी ताणसळई घालतात. एसीच्या डक्टला आड येते म्हणून ती कापली, की त्या खणाची कमान उलायला लागते.

दुसरा शत्रू गळती. गंजलेला गर्डर फुगतो आणि टेकलेल्या विटांच्या कडा उडवतो. वरून सिमेंट थापलं की गंज आतल्या आत चालूच. आधी गळती थांबवायची, गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, प्रायमर मारायचा, मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा. चुन्यातल्या जुन्या भिंतीलाही तोच. सिमेंटखाली ओल कोंडते, क्षार फुलतात आणि पापुद्रे सुटतात.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबलं बघायची तर डेक्कनचं १९३५चं गुडलक हे इराणी हॉटेल चालू आहे. या घाटाची मूळ खुर्ची थोनेट या फर्निचर कंपनीची, १८५९ची, १४ नंबर: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. डुगडुगली की स्क्रू आवळा, भोक सैल झालं असेल तर लाकडाची खुंटी बसवून नवं पाडा. खिळा ठोकला की वाकवलेलं लाकूड तिथेच चिरतं.