रात्रीपुरता वगळलेला शब्द

३१ ऑक्टोबर १९८४. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दैनिकात मी कंपोझिटर होतो. तेव्हा अंक शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवूनच निघायचा. सकाळी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्याचं टेलिप्रिंटरवर आलं आणि सगळी कामं बाजूला पडली. त्या गेल्याचं बीबीसीने दुपारीच सांगून टाकलं. आकाशवाणीवर अधिकृत घोषणा व्हायला संध्याकाळ उजाडली.

गंमत नव्हे, पण प्रेसच्या फाटकाशी जमलेल्या बहुतेकांना बातमी आधीच ठाऊक होती. तरी ते हलेनात. "छापलं का?" एवढंच विचारत होते. बातमी पोचवण्यात रेडिओने आम्हाला केव्हाच मागे टाकलं होतं. लोक थांबले होते ते खात्रीसाठी.

जादा पुरवणी काढायची ठरली. मथळ्यासाठी सगळ्यात मोठा टाइप काढला, तर त्यात अनुस्वार जोडलेल्या कान्याचा खिळा एकच. 'गांधी'ला लागतो, 'यांची'लाही लागतो. फोरमन तात्यांनी डोकं चालवलं : वरच्या ओळीत नुसतं 'इंदिरा गांधी', खाली लहान टाइपात 'यांची गोळ्या झाडून हत्या'. काळ्या चौकटीसाठी पितळी रूळ, म्हणजे रेघा छापायच्या पट्ट्या, उलटे लावले, म्हणजे त्यांची जाड बाजू छापते.

मग संपादकांनी तपासलेली कॉपी माझ्याकडे आली. एजन्सीच्या मजकुरात 'दोन शीख सुरक्षारक्षक' असं होतं. त्यातला 'शीख' लाल पेन्सिलीने खोडलेला.

आमचा तरुण उपसंपादक अस्वस्थ झाला. "साहेब, हे लपवणं नाही का?"

"उद्या नावांसकट सगळं छापायचंय," साहेब म्हणाले. "पण आज रात्रीत गावात काही पेटलं, तर उद्याचा अंक विझवायला जाणार आहे का?"

साहेबांनी १९४८ पाहिलं होतं. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, मारेकऱ्याचं आडनाव कळलं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरंदारं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओसुद्धा जळाला. साहेबांचं आजोळ त्यातच गेलं. आणि तो मारेकरी, नथुराम गोडसे, स्वतः पुण्यात दैनिक चालवत होता. छापील शब्दाने माणसं कशी भडकतात हे साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या स्टँडजवळ एका सरदारजींचं टायरचं दुकान होतं. मथळा जुळवताना माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात बेअंत सिंग, सतवंत सिंग ही नावं आली आणि ते शीख होते हेही आलं. शेजारीच शांततेचं आवाहन होतं, तेही पहिल्याच पानावर. दिल्लीत मात्र कत्तल सुरू झाली होती.

सरदारजींचं दुकान काही दिवस बंद राहिलं, पण त्याला कुणी हात लावला नाही. श्रेय आमच्या पुरवणीचं म्हणणार नाही. पोलीस होते, तालमीतली पोरंही दुकानासमोर बसून होती. तरी पुढे मी स्वतः डेस्कवर बसलो, तेव्हा तणावाच्या प्रत्येक बातमीत जात-धर्माच्या शब्दाशी थांबून हा आत्ताच हवा का, असं विचारत आलो. बहुतेक वेळा तो हवाच असतो, आणि मग तो मी खोडलेला नाही.